मुका मार

रक्त नाही, जखम नाही, कातडी फाटलेली नाही, पण आत काहीतरी ठणकतंय, अशा लागण्याला आपण मुका मार म्हणतो. पडलेल्या मुलाला उचलून घेताना आधी रक्त आलंय का ते बघायचं आणि नसलं की सुटकेचा श्वास टाकून म्हणायचं, मुका मार आहे, जाईल दोन दिवसांत. या शब्दाबद्दल मला कधी शंका आली नव्हती. माझ्या उजव्या मनगटातलं एक हाड पाच महिने मोडलेलं राहिलं आणि ते पाच महिने सगळेजण, मीसुद्धा, त्याला मुका मारच म्हणत होतो. आता तो शब्द कानावर आला की त्यातला ‘मुका’ आधी ऐकू येतो.

जिना उतरताना शेवटच्या दोन पायऱ्या चुकल्या. पडताना माणूस आपोआप हात पुढे करतो. मीही केला आणि सगळा भार उजव्या तळहातावर आला. रात्री उशिरा रुग्णालयाच्या अपघात विभागात पोचले तेव्हा मनगट सुजलं होतं, पण फार नाही. तिथले डॉक्टर तरुण होते. त्यांनी बोटं हलवायला सांगितली, मूठ वळायला सांगितली, मनगट दोन्ही बाजूंनी धरून पाहिलं आणि एक्स-रेला पाठवलं. फिल्म बघून म्हणाले, “काही नाही. फ्रॅक्चर नाही. लिगामेंट ताणलं गेलंय.” क्रेप बँडेज, पाच दिवसांच्या गोळ्या, हाताला आराम.

मी डाव्या हाताच्या तर्जनीने उजव्या अंगठ्याच्या मुळाशी बोट ठेवलं आणि म्हटलं, “इथे दुखतंय. बाकी नाही एवढं, पण इथे फार.”

“दुखणारच. पडलात ना. सहा आठवडे तरी जातील.”

मला राग आला नाही, उलट बरं वाटलं. हाड मोडलेलं नाही हे ऐकायलाच तर गेले होते. पुढे जे झालं त्यात मला सगळ्यात जास्त विचार करायला लावणारी गोष्ट हीच आहे. चुकीचं निदान कानावर पडतं तेव्हा ते चुकीचं वाटत नाही, आनंदाची बातमी वाटते. आपण ती घट्ट धरून घरी येतो आणि पुढे दुखत राहिलं तर त्या बातमीवर शंका न घेता स्वतःवर घेतो.

सहा आठवडे झाले, दुखणं कमी झालं, गेलं नाही. मी चित्रकला शिकवते. फळ्यावर मोठी रेघ ओढताना खडू दाबावा लागतो, तो दाबला जाईना. जमिनीवर बसून मुलांच्या कागदांवर वाकायची सवय, उठताना तळहात टेकला की कळ थेट कोपरापर्यंत जायची. घट्ट बसलेलं झाकण उघडायचं, किल्ली फिरवायची, भरलेली बादली उचलायची, या गोष्टी मी हळूहळू डाव्या हाताकडे सोपवत गेले. कुणी विचारलं तर “मुरगळला होता, अजून धरतो अधूनमधून” असं सांगायचे. वय झालं म्हणायचे. पाचव्या महिन्यात एकदा ब्रश हातातून निसटला आणि मला तो खाली पडल्याच्या आवाजानंतर कळला. तेव्हा मी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले.

या बाई वयाने मोठ्या होत्या. जुनी फिल्म मी पुढे केली तर म्हणाल्या, “ती नंतर.” माझा हात टेबलावर ठेवला, अंगठा वर ताणायला लावला आणि अंगठ्याच्या मुळाशी जो खळगा पडतो त्यात स्वतःचा अंगठा दाबला. मी ओरडलेच. त्यांनी हात लगेच सोडला आणि हळू आवाजात विचारलं, “पहिल्या दिवशी इथे कुणी असं दाबून पाहिलं होतं?”

कुणी पाहिलं नव्हतं.

तुम्हीही आत्ता अंगठा मागे ताणून बघा. मनगटाच्या कडेला दोन दोऱ्या उठून दिसतात आणि त्यांच्यामध्ये एक लहान खोलगट जागा तयार होते. पूर्वी लोक त्या खळग्यात चिमूटभर तपकीर ठेवून ओढत, म्हणून शरीरशास्त्रात तिचं नावच तपकिरीची डबी असं पडलं. या डबीच्या तळाशी स्कॅफॉइड नावाचं जेमतेम इंचभर हाड आहे. ग्रीक भाषेतल्या होडीच्या शब्दावरून त्याला हे नाव मिळालं, कारण त्याचा आकार तसाच वाकडा, बुडाशी फुगीर आहे. पसरलेल्या तळहातावर पडलं की मनगटातल्या आठ हाडांपैकी सगळ्यात जास्त वेळा हेच मोडतं.

या हाडाचा रक्तपुरवठा उलटा आहे. बहुतेक रक्तवाहिन्या बोटांकडच्या बाजूने आत शिरतात आणि रक्त मागे, कोपराच्या दिशेने जातं. हाडाचा बराचसा पृष्ठभाग कूर्चेने झाकलेला, त्यामुळे वाहिन्यांना आत शिरायला जागा थोड्या. म्हणून हाड मधोमध मोडलं की आतल्या, कोपराकडच्या तुकड्याचं रक्त तुटू शकतं. मांडीचं हाड मोडलं तर माणूस उभा राहू शकत नाही, सगळ्यांना कळतं. स्कॅफॉइड मोडलं तर मनगट थोडं सुजतं, बोटं हलतात, मूठ वळते. आत मात्र तुकडे जुळायचे थांबतात, एक तुकडा रक्तावाचून मरायला लागतो, मनगटाची घडण हळूहळू बिघडते आणि काही वर्षांत तिथे संधिवात होतो.

आणि ही भेग पहिल्या एक्स-रेत पुष्कळदा दिसतच नाही. दहा-बारा दिवसांनी भेगेच्या कडांचं हाड थोडं विरघळतं, मग रेघ उमटते. हे काही नवं ज्ञान नाही, अस्थिरोगाच्या पुस्तकांतून ते कित्येक पिढ्यांचे डॉक्टर शिकत आलेत. तळहातावर पडल्याचा इतिहास आणि खळग्यात दाबल्यावर दुखणं, एवढं असलं तर फिल्म स्वच्छ असली तरी फ्रॅक्चर आहे असं धरून मनगट प्लास्टरमध्ये किंवा स्प्लिंटमध्ये ठेवायचं, दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढायचा किंवा सोय असेल तर लवकर एमआरआय करायचा. पहिल्या चार आठवड्यांत हाड स्थिर केलं तर ते जुळण्याची आशा चांगली असते. त्यापुढे उशीर होईल तशी ती कमी होत जाते.

माझ्या सीटी स्कॅनमध्ये होडीचे दोन तुकडे स्पष्ट दिसत होते. मधली भेग रुंद झालेली, आतला तुकडा पांढुरका. शस्त्रक्रियेत कमरेच्या हाडातून थोडं हाड काढून त्या भेगेत भरलं आणि वरून एक बारीक स्क्रू बसवला. त्या स्क्रूला डोकं नसतं आणि त्याच्या दोन्ही टोकांचे आटे वेगवेगळे असतात, त्यामुळे तो आत जाताना दोन तुकड्यांना एकमेकांकडे ओढून घेतो. त्याचं चित्र मी नंतर वहीत काढलं, डाव्या हाताने. मग तीन महिने प्लास्टर. त्यानंतर फिजिओथेरपी. मनगट मागे वाकवायला सांगितलं की डावं सत्तर अंशांपर्यंत जातं, उजवं पस्तीसवर थांबतं. आता ते तेवढ्यावरच राहणार आहे.

दावा करावा हे मला लगेच सुचलं नाही. बहिणीने सुचवलं आणि मी दोन महिने टाळलं. डॉक्टरांवर केस करणं हे शब्दच मला अंगावर आल्यासारखे वाटायचे. शेवटी एका वकीलबाईंकडे गेले तेव्हा मनात एक पूर्ण भाषण तयार होतं: मी दाखवलं होतं, त्यांनी ऐकलं नाही. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “डॉक्टर चुकले हे क्षणभर बाजूला ठेवा. त्या रात्री त्यांनी बरोबर निदान केलं असतं, तर आज तुमचा हात कसा असता?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारलाच नव्हता. माझ्या मनात हिशोब सरळ होता, हात बिघडला आणि चूक त्यांची, तर भरपाई त्यांनी द्यायची. पण हाड त्यांनी मोडलं नव्हतं, जिन्याने मोडलं होतं. बरोबर निदान झालं असतं तरी प्लास्टर चुकलं नसतंच. आठ-दहा आठवडे हात अडकला असता, शिकवण्या बुडल्या असत्या, दुखलंही असतं. ते सगळं माझं. निदान चुकलं नसतं तर आज असता असा एक हात आणि आज आहे तो हात, या दोन हातांमध्ये जेवढं अंतर, तेवढ्याचीच भरपाई मागता येते. नुकसान झालेल्याला, पैशाने जेवढं शक्य आहे तेवढं, चूक घडली नसती तर तो जिथे असता तिथे नेऊन ठेवायचं, हे तत्त्व ब्रिटिश न्यायालयाने १८८० च्या एका निकालात मांडलं आणि त्या परंपरेतल्या कायद्यांत आजही तेच चालतं. ऐकायला साधं आहे. पण त्यासाठी असा हात डोळ्यांसमोर आणावा लागतो जो कधी अस्तित्वातच आला नाही, आणि मग त्याच्याबद्दल पुरावा द्यावा लागतो.

वकीलबाईंनी मला एका मुलाची गोष्ट सांगितली. १९७७ साली इंग्लंडमध्ये शाळेच्या मधल्या सुट्टीत तेरा वर्षांचा एक मुलगा झाडाला बांधलेल्या दोरावरून खाली पडला. खुब्यापाशी, मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला जिथे वाढ होत असते, तिथे त्याला मार लागला होता. रुग्णालयाने ते ओळखलं नाही, घरी पाठवलं. पाच दिवस तो कळा सोसत राहिला. पाच दिवसांनी परत नेलं तेव्हा खरी दुखापत सापडली. त्या टोकाचा रक्तपुरवठा तुटलेला होता, हाड मेलं आणि सांधा कायमचा बिघडला. माझ्या मनगटात घडलं तेच, फक्त जागा दुसरी. चूक रुग्णालयाने कबूल केली. प्रश्न एवढाच उरला की त्या पाच दिवसांनी काय बिघडवलं.

खटला चालवणाऱ्या न्यायाधीशांनी वैद्यकीय पुरावा ऐकून ठरवलं की वेळेवर निदान झालं असतं तरी ७५ टक्के शक्यता हीच होती की सांधा बिघडला असता. म्हणजे रुग्णालयाने त्या मुलाची २५ टक्के आशा घालवली. म्हणून त्यांनी पूर्ण नुकसानीचा चौथा हिस्सा, ११,५०० पौंड, द्यायला सांगितले. मला हे अगदी न्यायाचं वाटलं होतं. पण १९८७ साली हाऊस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठाने, तो भाग रद्द केला. त्यांचं म्हणणं असं की मुलगा रुग्णालयाच्या दारात आला तेव्हा त्याच्या खुब्यातल्या रक्तवाहिन्या पुरेशा शाबूत होत्या किंवा नव्हत्या. घडून गेलेल्या गोष्टीबद्दल न्यायालय निम्म्याहून जास्त शक्यता कुठे आहे ते बघतं आणि तेच सत्य धरतं. ७५ टक्के शक्यता ‘नव्हत्या’ या बाजूला, म्हणून खुबा झाडाखालीच गेलेला होता असं कायद्याच्या लेखी ठरलं. उशिराने काही हिरावलं नाही.

त्याच्या हातात शेवटी काय राहिलं तर १५० पौंड. वेळेवर उपचार झाले असते तर ज्या वाचल्या असत्या, त्या पाच दिवसांच्या वेदनांचे.

तो आकडा माझ्या डोक्यातून बरेच दिवस गेला नाही. आधी फक्त संताप आला. पंचवीस टक्के आशा ही आशा नाही का? चारपैकी एक मूल धड चालत असतं. काही ठिकाणी न्यायालयांनी हे मानलंही आहे. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८३ साली, उशिरा निदान झालेल्या कर्करोगाच्या प्रकरणात, निम्म्याहून कमी असलेली आशा हिरावणं हेही नुकसान असू शकतं असं म्हटलं. फ्रान्समध्ये संधी गमावण्याची भरपाई ही जुनीच कल्पना आहे. मला अजूनही वाटतं की त्या मुलावर अन्याय झाला. पण त्या १५० पौंडांकडे मी हळूहळू वेगळ्या नजरेने बघायला लागले. सगळं नाकारून झाल्यावरसुद्धा देशातल्या सर्वोच्च न्यायपीठाच्या निकालात ते पाच दिवस शिल्लक राहिले. कुणीतरी लिहून ठेवलं की त्या मुलाला तेव्हा दुखत होतं आणि ते दुखणं टळू शकलं असतं.

माझं पारडं पन्नासच्या कोणत्या बाजूला पडणार, हे ठरवायला एक स्वतंत्र अस्थिरोगतज्ज्ञ नेमले गेले. त्यांच्यासमोर मी त्या रात्रीची फिल्म ठेवली. मला खात्री होती की त्यात भेग आहे, त्या तरुण डॉक्टरांनी ती पाहिली नाही एवढंच. तज्ज्ञांनी फिल्म प्रकाशासमोर धरली, मग संगणकावर मोठी करून पाहिली, बराच वेळ. म्हणाले, “मलाही दिसत नाहीये.”

माझ्या पायाखालची जमीन सरकली. वैद्यकीय निष्काळजीपणाची कसोटी मी तोवर वाचलेली होती. १९५७ च्या इंग्लंडमधल्या एका खटल्यावरून तिला बोलम कसोटी म्हणतात. त्या विषयातल्या जबाबदार डॉक्टरांच्या एका गटाला जे योग्य वाटलं असतं तसं वागलेला डॉक्टर निष्काळजी ठरत नाही. योगायोग असा की तो खटलाही मोडलेल्या हाडांचाच होता. विजेचे झटके देण्याच्या उपचारात रुग्णाची हाडं मोडली होती आणि तो हरला. भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेही २००५ साली हीच कसोटी मान्य केली. १९९७ साली हाऊस ऑफ लॉर्ड्सने तिला एक जोड दिली, की त्या गटाचं मत तर्कावरही टिकलं पाहिजे, चार डॉक्टर हो म्हणाले एवढ्याने भागत नाही. आता नामवंत तज्ज्ञालाच जी भेग दिसत नाही, ती मध्यरात्री एका तरुण डॉक्टराला दिसायला हवी होती असं कोण म्हणणार?

तज्ज्ञांनी मग केसपेपरची प्रत मागितली. तपासणीच्या रकान्यात पाच शब्द होते: सूज किरकोळ, हालचाल ठीक, लचक. खाली वेळ, दोन वाजून चाळीस मिनिटं. त्यांनी विचारलं, “तुम्हाला कुठे दुखत होतं, ते त्यांना सांगितलं होतं?” मी काही न बोलता बोट ठेवलं, त्याच जागी. ते म्हणाले, “फिल्म चुकीची वाचली गेली नाही. पण त्या फिल्मवर थांबायला नको होतं. इथे दाबून पाहिल्याची नोंद नाही. दुखत राहिलं तर दहा दिवसांनी या, असं लिहिलेलं नाही. हे कुठल्याही जबाबदार गटात बसत नाही.”

म्हणजे मी इतके महिने ज्याला चूक म्हणत होते, तिथे चूक नव्हतीच. न दिसलेली भेग माफ होती. न दाबलेला खळगा आणि न सांगितलेलं एक वाक्य माफ नव्हतं. मला हे कायद्यापेक्षा माणूस म्हणून जास्त पटलं. डोळ्यांना दिसण्याची मर्यादा असते, ती कुणालाही असते. पण समोरचा माणूस बोट ठेवून सांगतोय तिथे हात लावायला कोणतंही यंत्र लागत नाही.

मधोमध मोडलेलं, पण तुकडे न सरकलेलं स्कॅफॉइड वेळेवर प्लास्टरमध्ये गेलं तर दहापैकी साधारण नऊ वेळा जुळतं, असं त्यांनी अहवालात लिहिलं. माझं पारडं पन्नासच्या पुष्कळ वर होतं. जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण नऊ हा आकडा पहिल्यांदाच समोर आला होता. तो दुसरा हात, जो नसलेला म्हणून धूसर होता, तो एकदम स्पष्ट झाला. सत्तर अंश मागे वाकणारा. खडू दाबणारा.

मग समोरच्या बाजूचं उत्तर आलं: दुखत होतं तर रुग्ण पाच महिने परत का आली नाही? हे वाक्य मला फार लागलं, कारण हेच मी रोज स्वतःला विचारत होते. वकीलबाई म्हणाल्या, “तुम्हाला काय सांगितलं होतं? सहा आठवडे दुखेल. सहा आठवड्यांत जो धोका वाढायचा तो वाढून गेलेला होता. ज्यांनी थांबायला सांगितलं त्यांनीच का थांबलात असं विचारायचं नसतं.” तरीही सहा आठवड्यांनंतरच्या महिन्यांसाठी रकमेतून थोडी कपात झाली. मी ती मान्य केली. खोटं नव्हतं ते.

रक्कम ठरते कशी, हे बघताना मी माझं आयुष्य रकान्यांत भरलेलं पाहिलं. झालेला खर्च, बुडालेलं उत्पन्न, वेदना, कायमचं कमी झालेलं वाकणं, आणि पुढे संधिवात वाढलाच तर मनगट कायमचं जखडून टाकण्याची शस्त्रक्रिया, तिच्या शक्यतेच्या प्रमाणात. भविष्याच्या बाबतीत कायदा टक्केवारी मानतो, भूतकाळाच्या बाबतीत मानत नाही. त्या मुलाची आठवण मला इथे पुन्हा आली. आणि एक रकाना होता घरच्यांनी केलेल्या सेवेचा. प्लास्टरच्या तीन महिन्यांत धाकटी बहीण रोज सकाळी यायची. आंघोळीच्या वेळी हाताला प्लास्टिकची पिशवी बांधायची, वेणी घालायची, कपड्यांची बटणं लावायची, मग तिच्या कामाला जायची. वकीलबाईंनी विचारलं, “रोज साधारण किती तास?” मी घरी जाऊन तिला विचारलं तर ती एकदम गप्प झाली. म्हणाली, “ताई, माझ्या वेण्यांचा हिशोब लावणार तू?” आम्ही दोघीही रडलो. पण मग तिनेच कागद ओढला आणि तारखा लिहायला बसली. नव्वद दिवस, रोज दीड तास. तो कागद पाहिला तेव्हा तिने किती केलं हे मला खऱ्या अर्थाने कळलं. हा रकाना सोडून देऊ नये असं मी आता ज्याला त्याला सांगते. त्यात घरातल्या माणसाने दिलेला वेळ निदान मोजला तरी जातो.

बाकीच्या गोष्टी कोरड्या पण महत्त्वाच्या आहेत. केसपेपरची प्रत आणि मूळ फिल्म लवकर मागून घ्यावी. कुठे दुखतं, काय करता येत नाही, याची तारीखवार वही ठेवावी. आणि मुदत विसरू नये. इंग्लंडमध्ये ती तीन वर्षांची आहे आणि नुकसान कळल्यापासूनही मोजता येते. भारतातल्या ग्राहक कायद्यात ती दोन वर्षांची आहे. मुक्या माराला तर हे फारच लागू, कारण कळेपर्यंतच बराच काळ गेलेला असतो.

ही सगळी वाट अशीच असायला हवी असं मात्र नाही. न्यूझीलंडने १९७४ पासून अपघाताच्या भरपाईसाठी चूक कोणाची हा प्रश्नच बाजूला ठेवला. स्वीडनमध्ये १९७५ पासून रुग्णविमा आहे. तिथे दोषी कोण यापेक्षा हे नुकसान टाळता आलं असतं का, एवढं तपासतात. मला ही दुसरी रीत मनापासून आवडते. माझ्या प्रकरणात त्या तरुण डॉक्टरांना निष्काळजी ठरवल्याशिवाय मला काहीच मिळू शकत नव्हतं, आणि मला त्यांना काही ठरवायचं नव्हतं. दोन वाजून चाळीस मिनिटं ही वेळ मी विसरू शकत नाही. त्या रात्री बाहेर बाकांवर किती माणसं होती तेही मला आठवतं. त्यातल्या कुणाचं तरी रक्त वाहत होतं. स्वच्छ फिल्म हातात आली की तपास संपल्यासारखा वाटतो, आणि पुढचा माणूस ओरडत असतो. टाचेमागची, पोटरीला टाचेशी जोडणारी जाड दोरी तुटली तरी माणूस पाऊल हलवू शकतो, म्हणून ती तुटलेली लक्षात येत नाही. एक फ्रॅक्चर सापडलं की त्याच्या शेजारचं दुसरं निसटतं, याला क्ष-किरणतज्ज्ञांत नावसुद्धा आहे, शोध पुरा झाल्याचं समाधान. अशा चुका वाईट माणसं करत नाहीत. त्या अशा रात्रींत होतात. म्हणूनच दहा दिवसांनी या, हे वाक्य हवं. डोळ्यातून निसटलेलं पकडायला तेवढं एकच जाळं असतं.

प्रकरण न्यायालयात उभं राहण्याआधी तडजोड झाली. करारात “कोणतीही जबाबदारी मान्य न करता” हे ठरलेले शब्द होते. मी वकीलबाईंना म्हटलं, रकमेबद्दल मी अजून घासाघीस करणार नाही, पण मला एक पत्र हवंय. त्या म्हणाल्या, माफी मागायला सगळे घाबरतात, ती कबुली धरली जाईल म्हणून. इंग्लंडच्या २००६ च्या कायद्यात स्पष्ट लिहिलंय की माफी मागणं म्हणजे निष्काळजीपणा कबूल करणं नव्हे, तरी भीती जात नाही. मी म्हटलं, माफी नको. मला काय हवंय ते मी कागदावर लिहून दिलं.

पत्र यायला सात आठवडे लागले. त्यात सुरुवातीला नेहमीची खेदाची वाक्यं होती. तिसऱ्या परिच्छेदात एक ओळ होती: “पहिल्या तपासणीच्या वेळी रुग्णाने उजव्या अंगठ्याच्या मुळाशी वेदना होत असल्याचे सांगितले होते.”

बहिणीने ती मोठ्याने वाचली. मी तिला पुन्हा वाचायला सांगितली. मग फाईल काढली, पाच शब्दांचं ते पान शोधलं आणि पत्र त्याच्या लगेच मागे लावलं.